नाटे, नारळ, नाखवा

“बाय, ह्याला काय झालंय बघ जरा. मी चुकून नारळ लिहिलं, तरी उघडलं.”

बर्फाच्या कारखान्यातले हिशेबनीस काका हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. त्यांना ती सोयच वाटत होती. त्यांचा पासवर्ड होता ‘नाटे’, म्हणजे गावाचंच नाव. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे मी बोलेपर्यंत त्यांनी तो सांगूनही टाकला आणि टाइप करूनही दाखवला. मग ‘नारळ’ टाइप केलं. दोन्ही वेळा हिशेबाचा पडदा उघडला. मी ‘नाखवा’ घालून बघितलं. उघडला. ‘नाचणी’. उघडला. शेवटी ‘नाही’ लिहिलं, तर नाही म्हटल्यावरही दार उघडलं. काका खो खो हसले. मला हसू येईना. त्या यंत्राचं हे कुलूप बदलायचं काम दोन आठवड्यांपूर्वी माझ्याच गळ्यात पडलं होतं, आणि ‘जुनं झालंय, बदलू सावकाश’ असं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं.

२०२१च्या शिमग्याआधीची ही गोष्ट. आदल्या वर्षी टाळेबंदीत पुण्याहून नाट्याला आले ती राहिलेच. (नाट्याला आले म्हटलं की पुण्यातल्यांना नाटक आठवतं. तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी, खाडीकाठी यशवंतगड, असं सगळं सांगेपर्यंत त्यांचं लक्ष उडालेलं असतं.) आमची कंपनी छोटी. दुकानात, वखारीत, कारखान्यात बिलं आणि हिशेब करणारी स्वस्त यंत्रं बनवते. त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीमही आमचीच, म्हणजे इकडून तिकडून जमवून शिवलेली गोधडी. त्या गोधडीतल्या सी लायब्ररीत ‘क्रिप्ट’ नावाचं एक फंक्शन असतं. पासवर्ड घ्यायचा, कुटून-वाटून त्याचा असा चुरा करायचा की चुऱ्यावरून मूळ शब्द ओळखता येऊ नये, आणि फायलीत तो चुराच ठेवायचा. माणूस परत आला की त्याने लिहिलेल्या शब्दाचा पुन्हा चुरा करायचा आणि ठेवलेल्याशी ताडून बघायचा. ऐकायला दहा ओळींचं काम आहे. माझे त्यात पाच महिने गेले.

काकांचं यंत्र आमच्याच कंपनीचं आहे हे मीच त्यांना मिरवून सांगितलं होतं. त्यामुळे पळ काढायची सोय नव्हती. घरी येऊन माळ्यावर बसले आणि ‘नाटे’ हा शब्द बाइटांत उलगडून वहीत मांडला.

युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. न म्हणजे २२४, १६४, १६८. काना म्हणजे २२४, १६४, १९०. ट म्हणजे २२४, १६४, १५९. मग मात्रेचे आणखी तीन. असे बारा. आमच्या लायब्ररीतलं जुनं क्रिप्ट पासवर्डचे पहिले आठ बाइट घेतं आणि पुढचं न बघता टाकून देतं. आठ मोजा: न चे तीन, कान्याचे तीन, आणि ट चे पहिले दोन. ट ला ट ठरवणारा १५९ हा नववा. तो दाराबाहेरच राहिला. आत गेलं ते ‘ना’ आणि पाठोपाठ ‘देवनागरीतलं कुठलं तरी अक्षर’. र चे पहिले दोन बाइटही २२४ आणि १६४, ख चे तेच, च चे तेच, ह चे तेच. नाटे, नारळ, नाखवा, नाचणी, नाही ही सगळी मंडळी त्या कुलपाच्या लेखी एकच. त्यात भर म्हणजे हे क्रिप्ट प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट सोडून देतं. २२४ चे होतात ९६, १६४ चे ३६. म्हणजे ‘नाटे’च्या जागी विरामचिन्हांची आणि डॉलरची एक आठ खुणांची रांग दिली असती तरी काकांचा हिशेब उघडला असता. आमच्या पुण्याच्याच सी-डॅकशी जोडलं गेलेलं १९९१चं इस्की मानक असतं, तर एका चिन्हाला एकच बाइट लागला असता आणि ‘नाटे’ चार बाइटांत मावलं असतं. पण वरचा बिट तिथेही गेलाच असता.

यात कुणाचा बावळटपणा नव्हता, हे मला थोडं उशिरा कळलं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या बेल लॅब्जमधल्या दोघांनी १९७९ साली या विषयावर एक निबंध लिहिला. तो मी सड्यावर बसून वाचला, कारण घरात रेंज यायची नाही आणि लांबलचक कागद उतरवायचे तर लॅपटॉप पाठीला लावून सड्यावर जाण्याला पर्याय नव्हता. आधीच्या युनिक्समध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राची नक्कल करून पासवर्डचा चुरा करत. पीडीपी-११/७० या संगणकावर एका शब्दाला साधारण सव्वा मिलिसेकंद लागायचा. तक्रार अशी की हे फारच झटपट होतं. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा केले, तर त्यातले ८६ टक्के अगदीच आखूड किंवा शब्दकोशातून सहज हाती लागणारे निघाले. मग त्यांनी डीईएस ही सांकेतिक पद्धत घेतली आणि ती एकदा नाही, ओळीने पंचवीस वेळा चालवली. मुद्दाम. डीईएसला ५६ बिटांची किल्ली लागते, सात-सात बिटांची आठ अक्षरं म्हणजे बरोबर ५६. आठ अक्षरांची मर्यादा तिथून आली आणि वरचा बिट गळाला तोही तिथूनच. त्यांच्यासमोर इंग्रजी लिहिणारी माणसं होती. त्या काळी आमच्या घरात फोनसुद्धा नव्हता. माझ्या आजोबांनी उद्या देवनागरीत पासवर्ड लिहायचा म्हटलं असतं तर कुठे लिहिणार होते?

चूक आमची होती. १९७९चं कुलूप आम्ही २०२१ साली विकत होतो.

मीठही त्याच निबंधातलं. इंग्रजीत सॉल्ट म्हणतात आणि आमच्याकडे ऑफिसातही सॉल्टच म्हणतात. शब्दाबरोबर एक यादृच्छिक तुकडा मिसळून मग चुरा करायचा, आणि तो तुकडा चुऱ्याशेजारी उघडपणे लिहून ठेवायचा. जुन्या क्रिप्टमध्ये तो बारा बिटांचा, म्हणजे ४,०९६ प्रकारचा. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तुमच्यात पण बांगडे खारवतात. मला ही उपमा पटत नाही. खारवलेला बांगडा मीठ टिकवतं. इथलं मीठ काही टिकवत नाही. ते इतकंच बघतं की दोन घरांत एकच मासा शिजला तरी वासावरून शेजाऱ्याला ते कळू नये. चोराने शब्दकोशातल्या सगळ्या शब्दांचे चुरे आधी करून ठेवले आणि मग हजार फायलींशी ताडले, असं होऊ नये. एका चुऱ्याची मेहनत दुसऱ्याला लागू पडू नये, इतकंच त्याचं काम.

आमच्या गोधडीत तेही नीट नव्हतं. कुणीतरी कधीकाळी मिठाच्या जागी वापरणाऱ्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं घातली होती, आणि प्रत्येक यंत्रावर वापरणाऱ्याचं नाव एकच: ‘अॅडमिन’. म्हणजे सगळ्या यंत्रांना एकाच बरणीतलं मीठ. दुरुस्तीला आलेल्या दोन यंत्रांच्या फायली मी शेजारी शेजारी लावल्या, तर तेरा अक्षरांची ओळ अक्षरन् अक्षर सारखी. दोन्ही मालकांचे पासवर्ड निदान त्या कुलपाच्या लेखी एकच आहेत हे ते न फोडताच समजलं.

नवं काय घालायचं यावर फार वाद झाला नाही. २०१५ साली स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन-२ मला हवं होतं, पण ते मेमरी घटाघटा पितं, आणि आमच्या यंत्रात सगळी मिळून ३२ एमबी. उरलं बीक्रिप्ट. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचं. ओपनबीएसडीत ते १९९७ पासून आहे, निबंध १९९९चा. मीठ १२८ बिटांचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फेऱ्यांचा आकडा वाढवता येतो आणि तो चुऱ्याच्या ओळीतच लिहिलेला असतो. आकडा एकाने वाढवला की मेहनत दामदुप्पट. स्वतःच्या मनाने नवीन गुप्तलेखन रचू नये हा या धंद्यातला पहिला नियम, तो मी पाळला. जाणकारांनी मांडलेली रीत आमच्या लायब्ररीच्या सीमध्ये उतरवायची, इतकंच. त्यातही घसरले.

एप्रिलअखेर कोड तयार झाला. प्रसिद्ध नमुना-उत्तरांशी ताडला, सगळी जुळली. मग यंत्रावर चढवला, तिथेही जुळली. सहज म्हणून ‘नाटे’ घातलं. लॅपटॉपवर एक उत्तर, यंत्रावर दुसरंच. ‘नारळ’ घातलं, तीच गत. ‘राजापूर’ रोमन लिपीत लिहिलं तर दोन्हीकडे एकच उत्तर. म्हणजे माझा कोड इंग्रजीत शहाणा होता आणि मराठीत वेडा.

चार दिवस डोकं फोडलं. मग १६ मे उजाडला आणि तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं. परसातले दोन माड गेले, कौलं उडाली आणि वाडीतली वीज गेली ती पुढचे चार दिवस आली नाही. लॅपटॉप पहिल्या संध्याकाळीच मेला. कौलं परत लावून झाल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून वही काढली आणि कंदिलाशेजारी बसून संगणक होऊन बघितलं. न चा पहिला बाइट २२४. आठ बिटांत लिहिला: तीन एक, पाच शून्य. बीक्रिप्टमध्ये असे चार बाइट एकामागोमाग सरकवत ३२ बिटांच्या एका शब्दात भरायचे असतात. सीमध्ये अक्षरासाठी ‘चार’ नावाचा प्रकार आहे. तो ऋण धरायचा की नाही हे भाषेने ठरवलेलंच नाही. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तो ऋण धरतात, यंत्रातल्या एआरएमवर धरत नाहीत. ऋण धरला की २२४ चे होतात उणे ३२. आणि उणे ३२ जेव्हा ३२ बिटांत पसरतात, तेव्हा डावीकडची चोवीस घरं एक-एक-एकने भरून जातात. ते आधीच्या तीन बाइटांत मिसळले की त्या तिघांवर बोळा फिरला. इंग्रजी अक्षरं १२८ च्या खाली असतात, तिथे उणेचा प्रश्नच येत नाही. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ च्या वर. म्हणजे लॅपटॉपवर येणारं प्रत्येक अक्षर आधीच्यांना पुसत चाललं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती, ‘अनसाइन्ड’. तो मी वहीत लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वीज यायची वाट बघत बसले.

पुढे रेंज आल्यावर शोधलं, तर ही नेमकी चूक बीक्रिप्टच्या एका नावाजलेल्या आणि खूप ठिकाणी वापरल्या गेलेल्या कोडमध्ये होती. ती २०११ साली उघडकीला आली, तोवर कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. मग चुकीच्या आणि बरोबर चुऱ्यांना वेगवेगळ्या खुणा द्याव्या लागल्या. हे वाचून बरं वाटलं हे कबूल करते. पण राग जास्त आला. ज्या चाचण्यांत फक्त इंग्रजी शब्द आहेत त्या अशा कोडला वर्षानुवर्षं पास करत राहतात. आता आमच्या नमुन्यांच्या यादीत ‘नाटे’ आणि ‘नारळ’ दोघेही आहेत. पुण्यातल्या एका मुलाने विचारलं, हे काय, प्रसादाची यादी?

एक गाठ मात्र सुटली नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द वेगळे, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण दऱ्यातला तो अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. इन्स्क्रिप्टवर ऱ ची वेगळी कळ आहे, तर काही कळफलक साध्या र ला हलन्त लावून पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणसुद्धा या दोघांना एक करत नाही. शिवाय पासवर्ड ठिपक्यांआड असतो, त्यामुळे कुठला गेला ते दिसणारही नाही. आमच्या यंत्रांना कळफलक एकच, म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला. त्याची टोचणी अजून आहे.

फेऱ्यांच्या आकड्याने जास्त छळलं. आयुष्यभर शिकले ती गोष्ट एकच, कोड झटपट चालला पाहिजे. इथे मुद्दाम रेंगाळायला लावायचं होतं, फक्त किती ते ठरवायचं होतं. पुण्यातून निरोप आला, १२ ठेवा, सगळे ठेवतात. १२ ला माझ्या लॅपटॉपला पाव सेकंद लागायचा. काकांच्या यंत्राला पाच सेकंद. मी ते यंत्र त्यांच्यासमोर ठेवून घड्याळ लावलं. दुसऱ्या सेकंदाला त्यांनी एंटर पुन्हा दाबलं, तिसऱ्याला यंत्राला चापट मारली, चौथ्याला वायर हलवली. पाच सेकंद थांबणारा माणूस मला त्या बंदरात कुठे भेटलेला नाही. एकेक पायरी उतरत ८ वर आले. तिसरा हिस्सा सेकंद. १९९९च्या निबंधाच्या वेळी साध्या वापरणाऱ्याला ६ आणि मुख्य व्यवस्थापकाला ८ देत, म्हणजे बावीस वर्षांनी मी तिथेच. पुण्याचे नाक मुरडत होते. मी म्हटलं, चोराकडे जोरकस संगणक आहे हे मान्य, पण बर्फाच्या कारखान्यात तो नाही. नवीन यंत्रांना १० दिलं, जुन्यांना ८. आकडा ओळीतच लिहिलेला असल्याने दोन्ही एकाच लायब्ररीत सुखाने नांदतात.

आणि मग मी माझी सर्वांत मोठी चूक केली.

जुन्या चुऱ्याचा थेट नवा चुरा करता येत नाही, कारण मूळ शब्द आपल्याकडे नसतोच. मग सगळे करतात ते मीही केलं. माणूस पुढच्या वेळी आला की त्याने लिहिलेला शब्द जुन्या पद्धतीने तपासायचा, जुळला तर तोच शब्द घेऊन नवा चुरा करायचा, जुना पुसायचा. वापरणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही. पावसाळ्यातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. नौका शाकारून वर ओढलेल्या, बर्फाचा कारखाना थंड. बदल करायला याहून बरा काळ कुठला? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी काकांच्या यंत्रावर नवी लायब्ररी चढवली. ३१ ला संध्याकाळी त्यांनी यंत्र उघडून दुसऱ्या दिवसाची तयारी केली.

१ ऑगस्टला पहाटे साडेचारला फोन. “बाय, नाटे घेत नाय.”

स्कूटरवरून पोचले तेव्हा कारखान्याच्या दारात चार तांडेल उभे. लाद्या तयार, क्रशर तयार, पण कुणाच्या खात्यावर किती लाद्या टाकायच्या ते सगळं यंत्रात. एक जण म्हणाला, चोपडी बरी होती, तिला काय विसरत नव्हतं. कुणीही मला बोललं नाही, तेच जास्त लागलं. मी काकांना ‘नाटे’ लिहायला लावलं. नाही. ‘नारळ’? नाही. म्हणजे कुलूप आता खरंच नीट होतं, आणि त्यामुळेच आम्ही बाहेर होतो. मग लख्खकन कळलं. आदल्या संध्याकाळी घाईत त्यांच्याकडून काहीतरी चुकून लिहिलं गेलं होतं. जुन्या कुलपाने ‘ना’ बघून नेहमीप्रमाणे मान डोलावली. आणि माझ्या नव्या कोडने तो चुकीचा शब्द शेपटीसकट घेऊन, छान ताजं मीठ घालून, पक्का करून ठेवला. जे कुलूप कशालाही उघडतं असं मीच वहीत सिद्ध केलं होतं, त्याचीच साक्ष मी खरी धरली होती.

“काल काय लिहिलंत आठवतंय?”

“नाटेच लिहिलं गो. दुसरं काय लिहिणार?”

बोटाची चूक बोटालाच माहीत. मी कळफलकाकडे बघितलं. इन्स्क्रिप्टवर मात्रा डाव्या हाताच्या बाजूला, ट उजव्या टोकाला. ‘नाट’ घातलं, मात्रा विसरली असेल म्हणून. नाही. दोन मात्रा घातल्या. नाही. ट च्या शेजारची कळ ड ची. शिफ्ट दाबला जाऊन ट चा ठ झाला असेल? ‘नाठे’. नाही. ‘नाडे’. तिसरा हिस्सा सेकंद थांबलं आणि उघडलं. त्यांना सहा वाजता पहिली लादी देता आली.

त्या दिवशी पुण्याला कळवून बाकीच्या यंत्रांची चढाई थांबवली. नवा कोड आता जुन्या कुलपातून आलेल्या माणसाला सरळ आत घेत नाही. आधी सांगतो की पासवर्ड नव्याने ठरवा, आणि तो दोनदा लिहून घेतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

दुपारी काकांचा पासवर्ड बदलायला परत गेले. क्रशरचा खडखडाट चालू होता, कारखान्याच्या उंबऱ्यापर्यंत बर्फाचा चुरा सांडलेला. त्यांनी मला तोंड फिरवायला सांगितलं, हे पहिल्यांदाच. मी खिडकीतून खाडी बघत राहिले. पाठीमागे कळा वाजल्या, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग एंटर.

“हा आता जरासा थांबतो गो.”

“थांबायलाच सांगितलंय त्याला, काका.”

“आणि नारळ?”

“लिहून बघा.”

त्यांनी लिहिलं. नाही उघडलं. मग त्यांनी ‘नाही’ लिहिलं, आणि ते नाही उघडलं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.